खात्याचंही स्थलांतर

महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १९०८ साली बडोद्यात उभी राहिलेली बँक ऑफ बडोदा १९५३ मध्ये मोम्बासा आणि कंपालाला पोचली, कारण गुजराती व्यापारी तिथे आधीच स्थिरावले होते. बँक माणसामागे गेली. माणसानेही आपलं स्थलांतर बँकेला कळवायला हवं. परदेशी स्थायिक होताना इथलं बचत खातं तसंच ठेवण्याचा मोह होतो, कारण आईवडिलांचा खर्च त्यातून भागतो. अडचण खरी आहे. पण फेमा या परकीय चलन कायद्यानुसार ते खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं सर्वसाधारण खातं, करावंच लागतं आणि मुखत्यारपत्र दिलं की आईवडिलांना त्यातून घरखर्च चालवता येतो. परदेशातली कमाई एनआरई या अनिवासींसाठीच्या दुसऱ्या खात्यात ठेवली, तर व्याज भारतात करमुक्त राहतं आणि रक्कम केव्हाही परत नेता येते. नियम पाळण्यातच कुटुंबाचं हित आहे.