विहिरीची सावली काळी की निळी?

जयंतीच्या धामधुमीत शेजारच्या मुलीने आम्हाला जलरंगातले एक चित्र दाखवले. वळसंगच्या विहिरीचे. बाबासाहेबांनी १९३७ साली येऊन जिचे पाणी प्यायले, ती आपली विहीर. मुलगी नववीत जाणारी, यंदा इंटरमिजिएट ड्रॉइंग परीक्षेला बसणार. आई विड्या वळते. तिने कौतुकाने विचारले, "भाऊ, कसं काढलंय?"

हात चांगला होता. पण काठाची सावली डांबरासारखी काळी आणि आकाश कोरे पांढरे! "बाळ, तिथं बसून काढलंस का?" "नाही काका, मोबाईलवरचा फोटो बघून."

आम्ही कारकून माणूस, चित्रकार नव्हे. पण एवढे कळते की भर उन्हात साधा कॅमेरा उन्हाला सांभाळतो तर सावली काळी पडते, सावलीला सांभाळतो तर आकाश पांढरे होते. डोळ्याचे तसे नाही. सावलीवर आकाशाचा उजेड पडलेला असतो, म्हणून नीट पाहिले तर ती निळसर, जांभळट दिसते. जलरंगाची सगळी मौज या पातळ रंगात, खालचा कागद त्यातून उजळतो. एकदा काळे फासले की तो उजेड परत येत नाही.

सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर यांचे दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र आपण कॅलेंडरवर पाहिले असेल. मूळ चित्र म्हैसूरला आहे, जलरंगातले. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या मुलीलाच दिवा देऊन उभे केले होते. बोटांमधून येणारा तो लालसर उजेड समोर पाहून रंगवलेला आहे.

मग फोटो वाईट का? आम्ही तसे म्हणणार नाही. सोलापूरच्या एप्रिलमध्ये दुपारी कागदावर ओला रंग टिकतो कुठे? आणि घरकाम आटोपून रात्री दिव्याखाली बसणाऱ्या पोरीला विहीर समोर कोण आणून देणार? फोटो देतो. शिवाय आपल्याच घरातली तसबीर पाहा. बाबासाहेबांचे बहुतेक फोटो काळे-पांढरे. चेहरा फोटोने दिला, कोटाचा निळा रंग मात्र चित्रकारांच्या कुंचल्याने भरला. पूर्वी स्टुडिओतही काळ्या-पांढऱ्या फोटोंवर पातळ जलरंग चढवत, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. फोटो आणि जलरंग यांची सोयरीक जुनीच आहे. फोटोने सांगितले नाही ते आपण भरायचे, एवढेच.

पुढच्या रविवारी सकाळी सातला आम्ही मुलीला विहिरीवर घेऊन गेलो. पाण्याचा तांब्या, रंगांची पेटी आणि पाव कागद. तासाभरात तिने फक्त सावल्या आणि आकाश रंगवले. बाकीचे दगड घरी फोटो पाहून मोजून काढले.

आईने चित्र हातात घेऊन विचारले, "ही सावली निळी कशी गं?"

"आई, उद्या सकाळी चल, दाखवते."

"आधी कारखान्यात विड्या देऊन येते, मग जाऊ."