गावाच्या हातात उरलेलं

शहरात वसुबारशीला गाय-वासराची पूजा असते. आमच्याकडे त्याच दिवशी वाघबारस. शहापूरच्या डोळखांब पट्ट्यात आणि मुरबाडच्या माळशेजकडच्या पाड्यांवर गुराखी वाघोबाच्या ठाण्यावर जातात. ठाणं म्हणजे बहुतेक ठिकाणी एक उभा दगड नाहीतर लाकडी फळी. तिच्यावर वाघ, वर सूर्य आणि चंद्र, आणि पिढ्यान्‌पिढ्या चोपडलेल्या शेंदराचा बोटभर थर. भिंत नाही, छप्पर नाही. घराघरांतून मागून आणलेल्या तांदूळ-दुधाची खीर तिथंच शिजते, आधी वाघोबाला दाखवली जाते आणि वर्षभर गुरांच्या वाटेला जाऊ नकोस असं त्याला बजावलं जातं. बिबट्या ऐकतो की नाही, ते बिबट्याला ठाऊक.

आता या ठाण्यांवरही आधी पत्र्याची शेड, मग चार कॉलम, मग स्लॅब आणि टाइल्स असं होऊ लागलंय. गावदेवीच्या आणि हनुमानाच्या देवळांचं तर ते केव्हाच झालं. म्हणून यंदाच्या अंकात या जागेवर साहित्याची चर्चा बाजूला ठेवून गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांबद्दल आणि त्यांनी लावलेल्या जीर्णोद्धारांच्या सपाट्याबद्दल लिहितो आहे.

जीर्णोद्धाराची रीत ठरून गेलीय. गणपतीला कल्याण-डोंबिवलीची, मुंबईची मंडळी गावी आलेली असतात, तेव्हा बैठक बसते. देऊळ गळतंय यावर एकमत व्हायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पावतीपुस्तकं छापली जातात, घरटी वर्गणी ठरते. नोकरदाराला जास्त, नुसती भातशेती असणाऱ्याला कमी, एकट्या बाईमाणसाला सूट. कुणी सिमेंटच्या गोण्या बोलतो, कुणी रेतीच्या गाड्या, कुणी पितळी घंटा. सभामंडपासाठी पुढाऱ्याला गाठलं जातं. वर्ष-दोन वर्षांत प्राणप्रतिष्ठा, कळसारोहण, सप्ताह, काल्याचं कीर्तन, पंगत. शेवटी जमाखर्च फळ्यावर लागतो आणि, हे मुद्दाम सांगायला हवं, तो बहुधा पैशापैशानं जुळलेला असतो. एवढा चोख हिशेब या दोन तालुक्यांतल्या किती सरकारी कामांचा मिळेल?

या घाईत काय जातं ते एकदा जवळून बघावं. सागाच्या मेढी जातात, आडव्या तुळया जातात, नळीची कौलं जातात. शाळेच्या मागे त्यांचा ढीग पडतो, एक दिवस टेम्पो येतो आणि किलोच्या नाहीतर घनफुटाच्या भावानं लाकूड उचलून नेतो. पुढं तेच खांब कुठल्या तरी रिसॉर्टच्या स्वागतकक्षात पॉलिश लावून उभे राहतात, आणि पाहुणे त्यांच्यासमोर फोटो काढतात. अंगणातल्या वीरगळांची गत याहून वाईट. वीरगळ म्हणजे लढून मेलेल्या माणसाचा दगड. खालच्या चौकटीत झुंज, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला, आणि अगदी टोकाला सूर्य-चंद्र, वाघोबाच्या फळीवर असतात तेच. एका गावात असा दगड मी सार्वजनिक नळाखाली आडवा घातलेला पाहिला. हंडा ठेवायला बरा पडतो म्हणून. वरची चौकट पार झिजलेली, खालच्या घोड्याचे पाय तेवढे शाबूत. हंडा भरणाऱ्या बाईला विचारलं तर म्हणाली, जुन्या देवळापुढं होता, फरशी बसवताना आडवा यायला लागला.

इथं पुरातत्त्वाच्या नावानं गळा काढणं सोपं आहे. शहरातले वारसाप्रेमी तो काढतातही, आणि गावकऱ्यांच्या अभिरुचीला नावं ठेवून संध्याकाळच्या लोकलनं परत जातात. मला ते पटत नाही. जीर्णोद्धाराच्या एका बैठकीत जुनं लाकूड राखा असं सुचवणाऱ्याला एका म्हातारीनं ऐकवलं होतं, ‘देव गळक्या घरान आन आमी स्लॅबखाली, ह्या बरा दिसतं का?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. गावात कारवीच्या कुडाची घरं जाऊन पक्की घरं आली ती लोकांना हवी होती म्हणून. देवाला तेवढं जुन्यात राहायला सांगायचा हक्क कुणाचा?

पण देवळावरच एवढा जोर का, हे मला जास्त विचार करण्यासारखं वाटतं. या भागात बाकी काय गावाच्या हातात राहिलंय? तानसा धरण १८९२ सालचं. त्यानंतर मोडकसागर, भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. मुंबईला पाणी पाजणाऱ्या सात तलावांपैकी हे चार शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या शिवेला आहेत. सातही तलावांचा मिळून साठा सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर, त्यातला जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा. आणि फेब्रुवारी-मार्च उलटला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघत बाया विहिरीच्या काठावर बसलेल्या असतात. पाण्याचा निर्णय गावात झाला नाही. जंगल वनखात्याचं. जमिनीचं म्हणाल तर समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि नागपूर ते आमणे ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. भूसंपादनाच्या वेळी शहापुरातल्या गावांनी केलेला विरोध, पेसा कायद्याखालच्या अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांच्या संमतीवरून झालेला वाद आता कुणाला आठवत नाही. रस्त्याच्या दुतर्फा एनए प्लॉटच्या पाट्या उगवल्यात. या अंकाचं मलपृष्ठ उलटून पाहिलंत तर तिथंही तसलीच जाहिरात आहे. अंकाचा कागद तिच्यातून येतो, ते लपवण्यात अर्थ नाही.

पाणी गेलं, रस्ता आला, शेजारचं शेत कुणाचं झालं ते सातबारा काढल्यावर कळतं. अशा गावात स्वतः ठरवून, स्वतः पैसे उभे करून, स्वतः पुरं करण्यासारखं एकच बांधकाम उरतं. ते देऊळ. त्यावर गाव जीव ओततो यात नवल नाही. त्या टाइल्सच्या झगमगाटात मला भक्तीइतकीच, हे तरी आम्ही केलं, अशी ईर्ष्या दिसते.

गंमत अशी की याच मंडळातली पोरं रविवारी माहुलीवर जातात. पहाटेची कसारा लोकल आसनगावला सोडायची, घमेली-फावडी खांद्यावर टाकायची आणि गड चढायचा. टाक्यांतला गाळ उपसायचा, ट्रेकर लोकांनी टाकलेल्या बाटल्या गोण्यांत भरून खाली आणायच्या. माहुली त्यांना तोंडपाठ आहे. १६३६ मध्ये शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याची शेवटची धडपड इथूनच केली आणि इथंच त्यांना हत्यार खाली ठेवावं लागलं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात गड मोगलांना गेला आणि १६७० मध्ये आधी एक हल्ला फसूनही मोरोपंत पिंगळ्यांनी तो परत घेतला. देवडीचा ढासळलेला दगड सुद्धा परवानगीशिवाय हलवायचा नाही, हेही त्यांना माहीत असतं. तीच पोरं गावात उतरली की देवळाच्या जोत्याला जेसीबी लावताना एकमेकांकडे बघतही नाहीत. गड शिवरायांचा म्हणून वारसा. आपल्या पणजोबांनी सुताराच्या हाताखाली राबून उभं केलेलं देऊळ मात्र नुसतं जुनं बांधकाम! हा दोष त्या पोरांचा नाही. त्यांच्या गावाचा इतिहास त्यांना कुणी शिकवलाच नाही. शाळेच्या पुस्तकात माहुली येतो, किन्हवलीसारखं गाव येत नाही.

नवं बांधायलाच विरोध असेल असा गैरसमज नको. जपानात इसे इथलं देवस्थान दर वीस वर्षांनी नव्यानं बांधतात. २०१३ मध्ये त्याची ६२ वी खेप झाली. लाकूड नवं, देऊळ नवं. पण आराखडा तोच, आणि जुन्या सुतारांच्या हाताखाली नवे सुतार तयार होतात. आपल्याकडे उलट होतं. देव जुना, जागा जुनी आणि कसब मात्र त्या एका उन्हाळ्यात कायमचं संपतं. मुरबाडच्या आतल्या भागात सागाला सांधा घालणारे, नळीच्या कौलांचा उतार नजरेनं काढणारे म्हातारे अजून आहेत. सेंट्रिंगच्या कामावर त्यांना कुणी बोलावत नाही.

आता थोडं कायद्याचं, कारण त्यात या सगळ्याची किल्ली आहे असं मला वाटतं. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडमधली ७७ गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्यानं इथल्या ग्रामसभेला गावाच्या परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधनसंपत्ती जपण्याचा अधिकार दिलाय. २०१४ च्या राज्याच्या नियमांनुसार एखाद्या पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभाही मागता येते. २००६ च्या वनहक्क कायद्याचं पाचवं कलम तर सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला बाधा आणणाऱ्या गोष्टी रोखण्याचा अधिकार ग्रामसभेला नाव घेऊन देतं. हे कागदावरचे अधिकार नाहीत असं नाही, पण ते नुसते कागदावरच राहतात असंही नाही. मुरबाडच्या काळू धरणाचं घ्या. वनमंजुरी नसताना काम सुरू झालं, गावांनी ग्रामसभांत विरोधाचे ठराव केले, श्रमिक मुक्ती संघटना पाठीशी उभी राहिली आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयानं ते काम थांबवलं. विषय तिथं संपला नाही हे खरं. पण ठरावाच्या एका पानानं काय होतं ते या तालुक्यानं पाहिलंय.

मग देवळाचा, ठाण्याचा, वीरगळाचा निर्णय ग्रामसभेत का होत नाही? कारण तो मंडळात होऊन गेलेला असतो. ग्रामसभेला कोरम भरत नाही म्हणून ती तहकूब होते, आणि जीर्णोद्धाराच्या बैठकीला मांडव अपुरा पडतो. मंडळात वर्गणी देणाऱ्याचा शब्द चालतो. कातकरीवाडीची वर्गणी लावलेली नसते, म्हणजे कातकऱ्यांना विचारायचं कारण नाही. बाया पंगतीच्या तयारीला असतात, कार्यकारिणीच्या यादीत सहसा नसतात. वाघोबा ज्यांचा, ते ठाकूर आणि महादेव कोळी गुराखी त्याच्या डोक्यावर स्लॅब पडताना लांब उभे राहून बघतात. ग्रामसभेत मात्र मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण बसतो, एक रुपया न देता. मंडळानं पैसा उभा करावा, राबावं, त्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. पाडायचं काय आणि ठेवायचं काय हे ग्रामसभेत ठरावं. मंडळाच्या लोकांना हे आवडणार नाही याची मला कल्पना आहे. देवळात राजकारण नको, असं ते म्हणतील. कोनशिलेवर कुणाचं नाव वर यावं यावरून सहा महिने अबोला धरणाऱ्या गावानं राजकारणाला भ्यावं, हे जरा अतीच!

शहापूर आणि मुरबाड या दोन गावांत मात्र आता नगरपंचायती आहेत, ग्रामसभा उरलेली नाही. तिथले जुने वाडे सोसायट्यांच्या आणि बिल्डरांच्या हातात आहेत. त्यावर पुन्हा कधीतरी.

आठवणीला दर वेळी इमारत लागते असंही नाही. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडाच्या रानात स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. ते ठिकाण आज माहीत आहे ते दर वर्षी त्या दिवशी माणसं तिथं चालत जातात म्हणून. आणि ज्यांच्यासाठी कुणी चालत येणार नाही त्यांचं काय? ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापुरात सरळांबे इथं समृद्धीच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर चढवणारं यंत्र कोसळलं, २० माणसं गेली. बहुतेक परप्रांतातून पोटासाठी आलेली. जुन्या काळी गाव राखताना मेलेल्याचा दगड गावानं उभा केला. या वीस जणांचा दगड उभा करायचा तर तोही एखाद्या ग्रामसभेनंच करावा लागेल; महामार्गाच्या अंदाजपत्रकात त्याला रकाना नसतो.

२६ जानेवारीची ग्रामसभा फार लांब नाही. गावात कुठं काय आहे, वीरगळ किती, ठाणी किती, जुन्या देवळाचं कोणतं लाकूड कुणाच्या पडवीत पडलंय, सांधा घालणारा सुतार कोण आणि त्याचं वय काय, एवढी यादी त्या दिवशी वाचून दाखवावी आणि इतिवृत्तात लिहून घ्यावी. वहीचं एक पान पुरतं, पैसा लागत नाही, पुढारी तर अजिबात लागत नाही. ज्या गावाची यादी आमच्याकडे येईल ती पुढच्या वर्षीच्या अंकात जशीच्या तशी छापू, त्यासाठी लेखाची पानं कमी करावी लागली तरी चालेल. अक्षर सुवाच्य हवं, फोटो मोबाइलवरचे चालतील. आणि मजकूर गणपतीच्या आधी आला पाहिजे, नंतर छापखान्यात जागा मिळत नाही.