बोलणारे प्रेत आणि मुका बाप

आई-बाप आणि मुले यांच्यातील सांस्कृतिक संघर्ष मराठी कौटुंबिक विनोदी चित्रपटाने बहुधा पोशाखात, जेवणाच्या ताटात आणि इंग्रजी शब्दांच्या उच्चारांत शोधला आहे. शेवटच्या रिळात मुलगा वाकून नमस्कार करतो आणि सारे काही सुरळीत होते. इतक्या सहज मिटणारा संघर्ष मुळात संघर्ष नसतोच. राजेश मापुसकर यांचा ‘व्हेंटिलेटर’ (२०१६) या रूढीपासून पुष्कळसा दूर राहतो, असे आम्हांस वाटते. त्याला दिग्दर्शनासह तीन राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. परंतु त्याची चर्चा मात्र ‘हसवता हसवता रडवणारा चित्रपट’ एवढ्यावरच थांबली.

कामेरकर कुटुंबातील गजू काका मुंबईच्या रुग्णालयात बेशुद्ध आहेत आणि गणेशोत्सव तोंडावर आला आहे. काका आताच गेले तर सूतक लागेल आणि गावच्या घरी गणपती बसणार नाही, ही नातलगांची धास्ती हेच विनोदाचे मूळ. या विनोदाला क्रूर ठरवणे सोपे आहे. पेण-रोह्याच्या पट्ट्यातून पाहिले तर तो तसा वाटत नाही. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे यांसारख्या गावांत वर्षभर गणेशमूर्ती घडतात; सण येथे जसा भक्तीचा, तसाच पोटापाण्याचाही विषय आहे. कोकण रेल्वे जेथून सुरू होते ते रोहे तर मुंबई आणि कोकण यांच्या सांध्यावरच उभे आहे. आजारी माणूस पनवेल-मुंबईकडे न्यायचा आणि सणाला घराकडे परतायचे, हा येथील परिचित प्रवास. पंचांगातील चतुर्थी ठरलेली असते, अतिदक्षता विभागातील घटका मात्र कोणालाच सांगता येत नाही. या दोन कालगणनांत सापडलेली माणसे हास्यास्पद दिसतात. ती दुष्ट नसतात.

खरा पेच त्याहून खोल आहे. वडिलांचे यंत्र कधी बंद करायचे, या कागदावर सही मुलाने करायची असते. घरातील अधिकार असा मुलाच्या हाती आलेला असतो, भाषा मात्र अजून वडिलांच्या धाकाचीच असते. जितेंद्र जोशी यांचा प्रसन्न वडिलांवर रुसलेला आहे, आणि ज्यांच्याशी भांडायचे ते ऐकू शकत नाहीत. दोन पिढ्यांतील संस्कृतिसंघर्ष म्हणतात तो हाच: निर्णय नव्या पिढीचा, आणि त्यासाठी लागणारे शब्द मात्र जुन्या पिढीने कधी शिकवलेलेच नाहीत.

येथे साहित्याच्या अभ्यासकाला एक दुवा सापडावा. चित्रपटातील वडीलधारे भाऊ साकारणारे सतीश आळेकर हे ‘महानिर्वाण’चे (१९७४) नाटककार. त्या नाटकात भाऊराव मरतात, पण बोलायचे थांबत नाहीत. आपले दहन जुन्याच स्मशानात व्हावे, हा प्रेताचा हट्ट असतो आणि मुलगा नाना त्यापायी मेटाकुटीला येतो. तेथे मेलेला बाप कीर्तनकारासारखा बोलत राहतो. येथे जिवंत बाप मुका पडून असतो. दोन्हीकडे विधी आणि व्यवहार यांच्या कात्रीत मुलगाच सापडतो. नाटक मात्र त्याची सुटका अश्रूंनी करत नाही. मृत्यूच्या कर्मकांडावरील हसू ते शेवटपर्यंत बोचरे ठेवते.

‘व्हेंटिलेटर’ला हे सर्वत्र साधलेले नाही. प्रसंगाने जे अव्यक्त ठेवले, ते ‘बाबा’ हे गीत उघड करून टाकते आणि प्रेक्षकाला हळवे होण्याची आयती सोय मिळते. शिवाय हा सारा हिशेब बाप आणि मुलगा यांच्यातच मांडला जातो. आई, लेक आणि सून यांच्या वाट्याला त्यात तेवढा अवकाश येत नाही. खाटेशेजारी रात्री जागणाऱ्या बायकांकडेही वडिलांशी बोलायचे राहून गेलेले काही असेल, हे चित्रपटाने गंभीरपणे विचारायला हवे होते.

तरीही आम्ही या चित्रपटाची बाजू घेतो. वर्गात ‘महानिर्वाण’ शिकवताना तो शेजारी ठेवून पाहावा. बेचाळीस वर्षांच्या अंतराने मराठी मुलगा बापासमोर नेमका कोठवर बोलता झाला, हे त्यातून तपासता येईल. आमच्या मते तो फार पुढे आलेला नाही. बाप बेशुद्ध झाल्याखेरीज त्याला अजूनही कंठ फुटत नाही.