घरात माणसं किती?

2011 च्या फेब्रुवारीत जनगणनेचे कागद घेऊन मी कुडाळजवळच्या एका वाडीत दारोदार फिरत होते. प्राथमिक शिक्षिकेच्या वाट्याला ही कामं येतातच. एका खळ्यात सुपाऱ्या सोलत बसलेल्या आजीला विचारलं, "घरात माणसं किती?"

"पाच."

दिसत होते ती आणि आजोबा. चौकशी केली, तर तीन झील मुंबईला, तेही वीसेक वर्षं.

"आजी, हयसर रवतत तितकेच सांगा."

"मगे तेंका खंय लिवचा?"

"मुंबईत लिहितील," म्हणत मी "दोन" मांडलं आणि पुढचं घर गाठलं. नियमाप्रमाणे माझं बरोबर होतं. माझी लेक तेव्हा आठ वर्षांची, मुलगा तीनचा. आमच्या घराचा आकडा होता चार.

पुढे त्या जनगणनेचे आकडे आले. दहा वर्षांत आमच्या सिंधुदुर्गाची लोकसंख्या 8 लाख 69 हजारांवरून 8 लाख 50 हजारांवर उतरली होती. रत्नागिरीतही घटच. हजार पुरुषांमागे स्त्रिया आमच्याकडे 1036, रत्नागिरीत 1122. हे आकडे आपण भाषणांत मिरवतो. पण त्यांत मुंबईला गेलेल्या पुरुषांच्या रिकाम्या जागा आहेत, हे कोकणातल्या कुठल्याही आईला विचारा. गिरण्यांच्या काळापासून ती हेच बघत आली आहे. आता लेकीही जातात, एवढाच फरक. तो चांगलाच आहे.

माझी लेक पुण्यात नोकरी करते. गेल्या वर्षी मुलगाही शिकायला मुंबईला गेला. कोकणकन्येत त्याच्या हातात कुळथाचं पीठ आणि सोलांची पिशवी दिली. गाडी हलेपर्यंत मी फक्त "चार्जर घेतलास ना?" एवढंच तीनदा विचारलं. घरी येऊन नऊ वाजता दाराला कडी घातली आणि लगेच काढली. शेवटचा माणूस घरात आल्याशिवाय कडी घालायची नाही, ही सासूबाईंपासूनची रीत. आमचे हे म्हणाले, "आता कोण यायचं राहिलंय?" पुन्हा कडी घातली. त्या रात्री ती आजी आठवली.

लेकीची पाठवणी असली की आईने रडावं, याला आपल्याकडे परवानगी आहे. चार बायका जवळ घेतात, पाणी देतात. मूल शिकायला, नोकरीला निघालं की मात्र पेढे वाटायचे आणि हसायचं. डोळे भरले तर "तुम्ही शिकलेल्या ना बाई?" असं ऐकावं लागतं. मग सल्ले सुरू होतात: भजनाला जा, योगासनं करा, मन रमवा. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. पण मुलांनी जावं म्हणून अभ्यास घेतला मीच आणि फॉर्मही मीच भरले. ती परत यावीत असं मी म्हणत नाही. मला मन रमवायचं नाही. चार माणसांचं घर दोघांचं झालं, ते नीट मोजायचं आहे. याला आजार समजून उपाय सुचवू नका.

येत्या जनगणनेची संदर्भतारीख 1 मार्च 2027 आहे. कागदांऐवजी मोबाइल असेल, विचारणारी माझ्याच शाळेतली एखादी तरुण शिक्षिका असेल. मी तिला "दोन" असंच सांगेन. खोटं लिहायला लावणार नाही. तिच्यासारख्या सगळ्यांना एकच विनंती आहे. आकडा टिपून झाला की खळ्यात दोन मिनिटं टेका आणि विचारा, "मुलं खंय असतत?" हा प्रश्न अर्जात नसला तरी चालेल. मी त्या आजीला तो विचारला होता, पण फक्त तिचा आकडा कमी करण्यासाठी.