न धावलेल्या गाडीची भरपाई

रेल्वेने स्वतःहून गाडी रद्द केली की भाडे परत मिळते आणि तेथेच तिचे उत्तरदायित्व संपते, असा समज रेल्वेच्या अधिकाऱ्यांइतकाच प्रवाशांतही रूढ आहे. या पूर्वपक्षाचा आधार म्हणजे तिकीट रद्द करणे व भाडेपरतावा यांविषयीचे 2015 चे नियम. त्यांनुसार अशा वेळी ई-तिकिटाचे भाडे आपोआप खात्यात जमा होते. परंतु परतावा म्हणजे न दिलेल्या सेवेचे घेतलेले मोल परत करणे, तर भरपाई म्हणजे ती सेवा न मिळाल्याने झालेले नुकसान भरून देणे. ऐनवेळी करावी लागलेली टॅक्सी किंवा बुडालेले विमानाचे तिकीट परताव्यात कोठेच येत नाही. करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवणारे नुकसान भंग करणाऱ्याने भरून द्यावे, हे तत्त्व 1872 च्या भारतीय करार कायद्याच्या कलम 73 मध्ये आहेच. (‘पूर्ण’ म्हणवला जाणारा परतावाही पूर्ण नसतो, कारण ऑनलाइन आरक्षणाचे सुविधा शुल्क परत मिळत नाही.)

गाडी वेळेवर धावेल अशी हमी रेल्वे देत नाही आणि तिच्या दरनियमावलीनेच तिला या दायित्वातून मुक्त केले आहे, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो सर्वोच्च न्यायालयापुढे मांडलाही गेला होता. अजमेरहून जम्मूला जाणारी गाडी सुमारे चार तास उशिरा पोहोचल्याने एका कुटुंबाचे श्रीनगरचे विमान चुकले. त्या प्रकरणात न्या. एम. आर. शहा व न्या. अनिरुद्ध बोस यांनी सप्टेंबर 2021 मध्ये असा निर्णय दिला की, विलंबाचे कारण आपल्या आवाक्याबाहेरचे होते हे रेल्वेने सिद्ध केले नाही, तर ती सेवेतील त्रुटी ठरते आणि भरपाई द्यावी लागते. हा निवाडा विलंबाचा आहे, रद्द गाडीचा नाही, हे खरे. तथापि चार तास उशिरा पोहोचवणाऱ्याला जे दायित्व लागू होते, ते मुळीच न नेणाऱ्याला लागू होऊ नये, असे म्हणण्यास सबळ कारण दिसत नाही.

राहिला अधिकारक्षेत्राचा प्रश्न. 1987 च्या कायद्याने स्थापलेल्या रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे भाडेपरताव्याचे दावे जातात, म्हणून ग्राहक आयोगाला हात घालता येत नाही, असा युक्तिवाद केला जातो; पण सेवेतील त्रुटीमुळे झालेल्या नुकसानीची मागणी ही भाडेपरताव्याची मागणी नव्हे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम 100 त्या कायद्यातील उपाय इतर कायद्यांना पूरक असल्याचे स्पष्ट करते.

प्रवासखर्चाचा केवळ 57 टक्के भाग भाड्यातून वसूल होतो, असे रेल्वे तिकिटावर छापत आली आहे. त्यावरून सवलतीत प्रवास करणाऱ्याने भरपाई मागू नये, असेही सुचवले जाते. सवलत ही प्रवास घडावा म्हणून दिली जाते; जेथे प्रवासच घडला नाही, तेथे ती कोणाला मिळाली, याचे उत्तर हा पक्ष देत नाही.

भरपाई अव्यवहार्य आहे, हेही टिकत नाही. पुरेशी पूर्वसूचना न देता उड्डाण रद्द केल्यास विमान कंपनीने परताव्याखेरीज उड्डाणाच्या कालावधीनुसार कमाल 5,000 ते 10,000 रुपये द्यावेत, असा दंडक नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे सरकारच्याच यंत्रणेने, घातला आहे. असाधारण परिस्थिती त्यातून वगळली आहे. रेल्वेसाठीही हीच चौकट पुरेशी आहे. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरल्याने कोकण रेल्वेच्या गाड्या रद्द झाल्या, तशा प्रसंगी दायित्व लादणे अन्यायाचे ठरेल. मात्र डबे उपलब्ध नाहीत किंवा पूर्वनियोजित कामाची सूचना उशिरा दिली, अशा कारणांना ती सूट मिळता कामा नये.

कारण रेल्वेलाच ठाऊक असल्याने ते सिद्ध करण्याचा भारही तिच्यावरच असावा. यासाठी गाडी रद्द झाल्याच्या संदेशात ‘परिचालनिक कारणास्तव’ एवढेच न लिहिता नेमके कारण नोंदवणे बंधनकारक करावे लागेल. तोवर प्रवाशाने तो संदेश आणि पर्यायी प्रवासाच्या पावत्या जपून ठेवाव्यात, कारण तक्रार दोन वर्षांच्या आत, स्वतःच्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे करता येते आणि सेवेचे मोल पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास तिला शुल्क लागत नाही.