पावात प्रवचन कालवू नका

गेल्या शनिवारी ताईने तिची दोन्ही कार्टी माझ्याकडे आणून टाकली आणि स्वतः गेली खरेदीला. भाची आठ वर्षांची, भाचा पाच. टीव्ही किती वेळ दाखवणार? म्हटलं चला, पाव करू. पीठ भिजवेपर्यंत खालच्या मजल्यावरचा त्यांचा दोस्तही हजर. पाठोपाठ त्याची आजी दारात. आत डोकावून हसत हसत म्हणाल्या, "काय रे, पाव खायला घालून बाटवतोयस की काय आमच्या नातवाला?"

मी पण हसलो. पण ते वाक्य दिवसभर डोक्यातून जाईना.

मी वसईचा ख्रिश्चन. विहिरीत पाव टाकून अख्खं गाव बाटवलं, ही गोष्ट मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. वसईत पोर्तुगीज 1534 ते 1739 होते. 'पाव' हा शब्दही त्यांचाच. त्या गोष्टीत इतिहास किती आणि तिखटमीठ किती, हा वाद बाजूला ठेवू. पण मराठी माणसाच्या डोक्यात पाव आणि धर्मांतर एकमेकांना चिकटून बसलेत, हे खरं. त्यामुळे आजींचा मला राग नाही. राग आहे तो आपल्याच लोकांचा. कारण मुलांसोबत पाव भाजणं ही श्रद्धा वाटून घ्यायची इतकी सुंदर पद्धत आणि आपण तिचं पार पॉवरपॉइंट करून टाकलंय!

मागे एका धर्मशिक्षणाच्या वर्गात मदतीला गेलो होतो. 'ब्रेड अ‍ॅक्टिव्हिटी', वेळ 45 मिनिटं. पीठ आधीच फुगवून आणलेलं. मुलांनी फक्त गोळे वळायचे आणि मग कागदावर जोड्या लावायच्या: यीस्ट म्हणजे अमुक, ओव्हन म्हणजे तमुक. एका पोराने विचारलं, "माझा गोळा चपटा का झाला?" उत्तर मिळालं, "आधी जोड्या लाव." भाजलेला पाव कुणी बघितलाच नाही, कारण तोवर वेळ संपली. फोटो मात्र निघाले. डेडलाइन पाळली, रिलीज झालं, चालतंय की नाही कोण बघतो!

अहो, मूळ दाखला तरी एकदा वाचा. मत्तय आणि लूक दोघांकडे आहे. एक बाई तीन मापं पिठात खमीर लपवते आणि सगळं पीठ फुगतं. संपला दाखला! तीन मापं म्हणजे आजच्या हिशोबाने वीसेक किलो पीठ, म्हणजे सगळ्या आळीला पुरेल एवढं. आणि विशेष म्हणजे येशूने त्याचा अर्थ सांगितल्याचं तिथे कुठेही नाही. ज्याने दाखला सांगितला त्याने जोड्या लावायला दिल्या नाहीत, मग आपण कोण?

आमच्याकडे काय झालं सांगतो. 300 ग्रॅम मैदा, चमचाभर यीस्ट, साखर, मीठ, कोमट पाणी. मळून वर ओला फडका टाकला. पुढच्या तासाभरात पोरांनी तो फडका निदान दहा वेळा उचलला. "मामा, काहीच होत नाहीये!" दहाव्यांदा मात्र तिघेही गप्प. गोळा दुप्पट झाला होता आणि फुगताना कुणालाच दिसला नव्हता. मी यीस्ट साखर खातं, त्यातून गॅस निघतो वगैरे सांगितलं. भाची म्हणाली, "म्हणजे आपण थांबलो होतो तेव्हा पण ते काम करत होतं?" हो बाई. याच्यापुढे मी कुठलं प्रवचन देणार होतो?

आता कुणी म्हणेल, मग श्रद्धा कुठे आली? हा तर नुसता बेकरीचा क्लास! येते, विचारल्यावर येते. मराठी बायबलमध्ये 'भाकर' शब्द आहे, म्हणून भाच्याने विचारलं, "येशू ज्वारीची भाकरी खायचा?" मग निघाली पाच हजारांच्या जेवणाची गोष्ट. योहान सांगतो की त्या पाच भाकरी जवाच्या होत्या, गरिबाच्या, आणि त्या आल्या एका मुलाकडून. म्हणजे सुरुवात एका पोराच्या डब्यापासून! केरळातल्या सीरियन ख्रिश्चन घरांत पवित्र गुरुवारी संध्याकाळी बिनखमिराचं पेसहा अप्पम करतात. घरातला कर्ता माणूस ते मोडून सगळ्यांना देतो. तिथली पोरं काय वर्कशीट भरतात? बघतात, हात पुढे करतात, विचारतात. विश्वास असाच पोचतो, हाताकडून हाताकडे.

आणि दुसऱ्यांच्या मुलांचं काय? इथे माझं मत अगदी स्पष्ट आहे. पाव हे आमिष नाही. ज्या मुलाच्या आईवडिलांना माहीत नाही, त्याला पिठाच्या निमित्ताने काहीही 'शिकवणं' ही लबाडी आहे, मग हेतू कितीही पवित्र असो. गळाला लावलेली भाकर आणि वाटून खाल्लेली भाकर यांतला फरक आपल्याला कळत नसेल, तर विहिरीची गोष्ट आपल्याला अजून शंभर वर्षं ऐकावी लागेल आणि तक्रार करायला तोंड नसेल. लपवायचंही काही नाही. पाव कापण्याआधी आम्ही हात जोडले तेव्हा तो दोस्त म्हणाला, "हे काय?" म्हटलं, "आमच्या घरी जेवणाआधी देवाचे आभार मानतात. तुमच्याकडे?" "आम्ही श्लोक म्हणतो." मग त्याने श्लोक म्हटला, आम्ही आमची प्रार्थना, आणि सगळ्यांनी गरम पावाला लोणी फासलं.

दोन पाव घेऊन तिघेही खाली आजींकडे गेले. शनिवारी बनवलेलं सगळं त्यांनी आजींना सांगितलं, दोन्ही प्रार्थनांसकट. आजींनी एक तुकडा मोडून खाल्ला आणि निरोप पाठवला की मीठ कमी पडलंय, पुढच्या वेळी आमच्याकडे करा.

मीठ खरंच कमी पडलं होतं. असो. येत्या शनिवारी खालच्या मजल्यावर.