कुत्र्याला काम लागतं हो!

आमच्या कुत्र्याचं नाव पॉइंटर. जातीनं तो पॉइंटर नाही. जात विचाराल तर कोथरूड डेपो. पावसाळ्यात पार्किंगमध्ये सापडला, आणि त्या दिवशी मी हापिसात एका नल पॉइंटरशी दिवसभर झटापट करून आलो होतो, म्हणून हे नाव. बायको म्हणते, निदान कुत्र्याला तरी सोडायचं होतंस.

२०२० नंतर आम्ही दोघंही घरून काम करत होतो तोवर काहीच प्रश्न नव्हता. कानाला मीटिंग, पायाशी पॉइंटर. मग हापिसाची बोलावणी सुरू झाली. आठवड्यातून दोन दिवस, मग तीन, मग चार. पॉइंटर दिवसाचे नऊ-दहा तास एकटा. पहिल्या महिन्यात त्यानं एक चप्पल, सोफ्याचा एक हात आणि मॉनिटरची केबल संपवली. दुसऱ्या महिन्यात शेजारच्या काकू आल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "अहो, दुपारभर रडतो हो तो."

केबल परवडली. हे वाक्य काही केल्या परवडेना.

आता इंजिनियर माणूस. प्रश्न आला की आधी टूल शोधणार. गूगलबाबाला विचारलं आणि दोन आठवड्यांत घरात पाच खेळणी आली. आत खाऊ भरायचा पोकळ रबरी ठोकळा. लोळवला की एकेक दाणा टाकणारा चेंडू. झाकणं सरकवून खाऊ काढायचं कोडं. कापडी झिरमिळ्यांत दाणे लपवायची चटई. आणि सगळ्यांवर कळस म्हणजे फोनवरून बटण दाबलं की खाऊ उडवणारा कॅमेरा. मी मीटिंगमध्ये म्यूटवर बसून घरी बिस्किटं उडवायचो. फार भारी वाटायचं :)

या खेळण्यांमागची कल्पना खोटी नाही, हे आधीच सांगतो. पोकळ रबरी ठोकळ्यांतला सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे काँग. १९७० च्या दशकात अमेरिकेत कोलोरॅडोत जो मार्कहॅम नावाच्या माणसाचा जर्मन शेफर्ड दगड चावून चावून दात खराब करून घेत होता. मार्कहॅम आपल्या फोक्सवॅगन गाडीची दुरुस्ती करत असताना त्यातला एक रबरी भाग कुत्र्याच्या हाती, म्हणजे तोंडी लागला, आणि दगड सुटले. त्याच सुमाराला पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हॅल मार्कोविट्झ गिबन माकडांना खाणं नुसतं पुढ्यात न टाकता कळ दाबून मिळवायला लावत होता, कारण पिंजऱ्यातल्या जनावराला भुकेइतकाच रिकामा वेळही छळतो. त्याही आधी, १९६३ मध्ये, ग्लेन जेन्सननं उंदरांपुढे फुकटच्या खाण्याची वाटी ठेवली होती आणि शेजारी दांडी दाबून मिळणारं खाणंही. बरेच उंदीर वाटी सोडून दांडीकडे जायचे. याला कॉन्ट्राफ्रीलोडिंग म्हणतात. आपल्या भाषेत, फुकट नको, कमावून खातो.

हे वाचून मी खूश झालो. पण कुत्र्यांवर हाच प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२४ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये आला. पाळीव कुत्री कष्ट करून खायला तयार होती, पण शेजारी फुकटची थाळी असताना कष्टाचं खाणं त्यांना जास्त आवडतं, असं काही दिसलं नाही. म्हणजे कुत्रं या बाबतीत बरंचसं आपल्यासारखंच. काम असेल तर करेल, पण कोड्यासाठी जीव टाकणार नाही.

माझ्या कॅमेऱ्याचा लॉगही तेच सांगत होता. पहिल्या दिवशी रबरी ठोकळ्यावर चाळीस मिनिटं. आठवड्याभरात बारा. पठ्ठ्यानं युक्ती शोधून काढली होती, ठोकळा जिन्यावरून सोडून द्यायचा. (घरातला जिना म्हणजे माळ्यावर जायच्या चार पायऱ्या.) बारा मिनिटं वजा केली की उरलेले नऊ तास तो काय करायचा? दाराशी पडून राहायचा. कॅमेऱ्यातून बिस्किट उडालं की उठायचा, खायचा, पुन्हा दाराशी.

दिवाळीत आम्हाला पंधरा दिवस बाहेरगावी जायचं होतं. एका मित्राची उरवड्याला थोडी जमीन आहे, पिरंगुटच्या पुढे. तिथं राखण करणारे काका आणि मावशी राहतात. पॉइंटरला तिकडे सोडला. सोबत पाचही खेळण्यांची पिशवी आणि ए-फोर कागदावर छापलेल्या सूचना, वेळापत्रकासकट. हसू नका.

परत आणायला गेलो तर पिशवी जशीच्या तशी खुंटीला टांगलेली. मावशी म्हणाल्या, "दादा, त्या रबराचं काय करायचं ते मला उमगलं न्हाई. आन् त्येला तरी येळ कुठं व्हता?"

खरंच नव्हता. सकाळी काकांबरोबर मोटर चालू करायला जायचं. भाताची काढणी चालू होती, तर दिवसभर खळ्यावर. पेंढ्यातले उंदीर धरायचे, निदान धरायचा आव आणायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकायचं. संध्याकाळी भाकरी. रात्री घरात, कारण रानात बिबट्या. पोट आत गेलेलं, पाय चिखलानं माखलेले, आणि माझ्याकडे बघून शेपूट हलवली ती ओळखीपुरती.

काका सहज म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की हितंच."

त्या रात्री झोप आली नाही. प्रश्न साधा होता, पॉइंटर माझ्यासाठी आहे की मी पॉइंटरसाठी? गावाकडची कुत्री सुखी, असं म्हणून मोकळं होता येतं, पण ते अर्धंच खरं आहे. तिथं लसीकरण राहून जातं, रस्त्यावर डंपर आहेत, आणि बिबट्या काही गोष्टीतला नाही. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचाच निघाला. तेव्हा मी त्याला परत आणला. पण पिशवीतल्या वस्तूंवर सगळं सोपवून मोकळं व्हायचं नाही, हे ठरवून.

माझं मत आता असं आहे. खेळणं हा पॅच आहे, बग वेगळाच आहे. बग म्हणजे आपली गैरहजेरी. पॅच वाईट नसतो, पण पॅच टाकला की तिकीट बंद करायची आपल्याला खोड असते, आणि मी तेच केलं होतं. कॅमेऱ्याचं बटण कुत्र्यासाठी नव्हतंच, ते माझ्या अपराधी भावनेसाठी होतं. मी बिस्किट उडवत होतो आणि मलाच बरं वाटत होतं.

मग केलं काय? आम्ही दोघांनी हापिसाचे दिवस आलटून पालटून घेतले, त्यामुळे पूर्ण एकटेपणाचे दिवस चारावरून दोनवर आले. सकाळची फेरी पाऊण तासाची, आणि तीत त्याला हवं तितकं हुंगू द्यायचं. प्रत्येक खांबाशी दोन मिनिटं, मी फोन खिशात ठेवून उभा. आणि उरलेल्या दोन दिवशी दुपारी एक वाजता शेजारच्या काकू किल्ली घेऊन येतात. हो, त्याच. एकदा विचारायची खोटी होती.

खेळणी फेकली नाहीत. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत भाकरीचे तुकडे, रबरी ठोकळ्यात दही भरून फ्रीजरमध्ये, पुठ्ठ्याच्या खोक्यात दाणे. आत भरलेलं त्याच्या रोजच्या जेवणातून वजा, नाहीतर कुत्र्याचा पिंप होतो. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट वर्ज्य. पीनट बटर घालणार असाल तर डब्यावर झायलिटॉल आहे का बघा, कुत्र्यांना ते विष आहे. आणि नवीन खेळणं पहिल्यांदा आपल्या डोळ्यांसमोरच द्या, तुकडा तोडून गिळणारी महाभागं असतात.

आणि घरात रोज दहा तास कुणीच नसणार असेल, शेजारी काकूही नसतील, तर सरळ सांगतो, कुत्रा आणू नका. कितीही महागडं कोडं आणलंत तरी.

असो. आज शनिवार. हे लिहायला बसताना पॉइंटरला टॉवेलची गुंडाळी दिली होती. अंदाज बारा मिनिटांचा होता, त्यानं अकरात सोडवली. आता पट्टा तोंडात धरून दाराशी उभा आहे. निघतो.